धंदा बदलून लिहा

इस्त्रीवाल्याला त्याच्याच दुकानात मारलं. पहिला हात टाकला त्याच्या मेव्हण्याने. त्याने आधी धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे रस्त्यावर फेकले. मग टेबलावरून वाकून इस्त्रीवाल्याची मान पकडली आणि तोंड टेबलावर आपटलं. पहिल्याच आपटण्याला पुढचे दात गेले. तरी तो आपटत राहिला.

"माझ्या बहिणीला इस्त्री लावलीस? आँ? इस्त्री लावलीस?"

इस्त्रीवाल्याची बायको मागच्या वर्षी घर सोडून गेली होती. माहेरी ती पोचलीच नाही. ती आपल्या पायांनी गेली, असं इस्त्रीवाला म्हणायचा. यानेच तिचं काहीतरी केलं, असं मेव्हणा म्हणायचा. गल्ली दोघांचंही ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. आज गल्लीला एकाच बाजूने मान हलवायला कारण मिळालं होतं.

समोरच्या बेकरीतून बेकरीवाला धावत आला. कोपरापर्यंत मैदा, बाह्या वर. गर्दी त्याला वाट देत गेली. या माणसाच्या शब्दाला गल्लीत वजन होतं, हाताला त्याहून जास्त.

"बायकांवर हात टाकतो का रे, भ्याडा!" असं म्हणून त्याने इस्त्रीवाल्याच्या बरगडीत लाथ घातली. काहीतरी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बेकरीवाल्याने दुसरी लाथ त्याच जागी घातली.

हे सगळं एका गोष्टीमुळे झालं. गोष्ट नववीच्या वर्गात लिहिली गेली होती, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

त्या वर्गाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला मुलं लिहाबाई म्हणायची. समोर नव्हे, पण तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. तिचा तास 'लिहा' या एका शब्दाने सुरू व्हायचा. हजेरीच्या आधी, खडू हातात घेण्याच्या आधी. रोज. जे सुचेल ते लिहा, खोडू नका, शब्द अडला तर घरचा शब्द घाला. मुलं लिहायची तेव्हा तीही टेबलाशी बसून लिहायची. शनिवारी सगळे सुटे कागद एका कापडी पिशवीत जायचे, तिचा कागदही त्यातच. कागदावर नाव नसायचं. मुलं हात घालून एकेक कागद काढायची आणि दुसऱ्याचं मोठ्याने वाचायची.

पहिल्या महिन्यात वर्गात नुसती कत्तल झाली. शेजारचे कुत्रे मेले, चोर मेले, गणिताचे सर तर दर शनिवारी वेगळ्या हत्याराने मेले. हेडसरांनी तिला बोलावून घेतलं.

"बाई, इंग्रजी शिकवा. खून कसले शिकवताय?"

"सर, जूनमध्ये यांना 'मी पाणी प्यालो' लिहिता येत नव्हतं. आता पानभर खून करतात, आणि प्रेत कुठे पुरलं तेही सांगतात."

"गणिताच्या सरांना वाईट वाटतं हो."

"त्यांना म्हणावं, परवा ते फार शूरपणे मेले."

हेडसर हसले नाहीत. पण त्यांनी बंदही केलं नाही, कारण मुलांचे निकाल सुधारत होते.

मग मुलं घराकडे वळली. लिहायला लागलं की माणूस घराकडे वळतोच. लिहाबाईने तेव्हा एक नियम केला. घरचं लिहायचं तर गोष्ट म्हणून लिहा. नाव गाळा, धंदा बदला. ड्रायव्हरचा शिंपी करा, शिंप्याचा ड्रायव्हर करा. "म्हणजे तुम्ही सुटता आणि गोष्ट उरते," ती म्हणाली. हा नियम तिला फार शहाणपणाचा वाटला होता.

त्या शनिवारी पिशवीतून जो कागद निघाला त्यात एक इस्त्रीवाला होता. जेवण गार झालं म्हणून तो बायकोचा हात धरतो. आधी मोठं मशीन चालू करतो. मग तिचा हात तापलेल्या इस्त्रीवर दाबून धरतो. मशीन ओरडत असतं, म्हणून आई ओरडत नाही. एवढीच गोष्ट.

लिहाबाई उठून उभी राहिली.

"मशीनचं वाक्य पुन्हा वाच," ती वाचणाऱ्या मुलाला म्हणाली. त्याने वाचलं. "हे ज्याने लिहिलंय, त्याला लिहिता येतं."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्याची मुलगी तेवढी हात मांडीखाली घेऊन बसली होती. अक्षर तिचं होतं. लिहाबाईने ते ओळखलं आणि तिच्याकडे बघून कौतुकाने हसली. पोरगी रंगात येतेय, असं तिला वाटलं. त्यापलीकडे काही वाटलं नाही.

गोष्ट शाळेच्या फाटकातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत खरी झाली. गल्लीत इस्त्रीवाला एकच होता.

सोमवारी इस्त्रीवाल्याने मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी, शाळा भरायच्या आधी, बेकरीवाल्याची मुलगी रिकाम्या वर्गात आली.

"बाई, मी धंदा बदलला होता. तुम्हीच सांगितलं होतं."

लिहाबाई तिच्याजवळ आली. मुलीच्या केसांना ताज्या ब्रेडचा वास होता, नेहमीसारखा.

"इस्त्री नव्हती?"

"भट्टीचं दार होतं. आणि मैदा मळायचं मशीन." मुलगी बाकाची कड नखाने खरवडत होती. "काल बाबा इस्त्रीवाल्याला मारून आले. हात धुतले. आईला म्हणाले, असल्या माणसाला जिवंत सोडू नये. आईने टॉवेल दिला."

"आईचा हात?"

"बांधलाय. बाई, सांगू नका ना. या वेळी हात नाही घालणार भट्टीत. आख्खी आई घालतील. मग मला."

लिहाबाई काही बोलायच्या आत मैदानातून ओरडा आला. दोघी वऱ्हांड्यात धावल्या.

इस्त्रीवाला फाटकातून आत शिरला होता. एक डोळा बंद, ओठ सुजून फाटलेला, शर्टावर कालचं वाळलेलं रक्त. एका हाताने बरगडी धरली होती. दुसऱ्या हातात दुकानातली जुनी लोखंडी इस्त्री. मागे गल्ली. गल्लीत मेव्हणा आणि बेकरीवाला. हेडसर वऱ्हांड्यात आले आणि एका खांबामागे थांबले.

"कुणी लिहिलं?" इस्त्रीवाल्याला दातांवाचून शब्द नीट फुटत नव्हते. "कुणाच्या कार्ट्याने लिहिलं? मला तो हवा. नाहीतर एकेकाचं डोकं फोडतो."

"बाई," हेडसर खांबामागून म्हणाले, "तुम्ही अक्षर ओळखत असाल की. सांगून टाका. सगळ्यांचा जीव का टांगणीला लावता?"

वर्गांच्या खिडक्यांत एव्हाना आलेल्या मुलांची डोकी दाटली होती. बेकरीवाल्याची मुलगी लिहाबाईच्या मागे भिंतीला चिकटून उभी होती.

"अरे, मशीन म्हणे! मशीन!" इस्त्रीवाला गर्दीकडे वळून किंचाळला. "आख्खी गल्ली माझ्या दुकानात उभी राहते. कुणी पाहिलंय मशीन माझ्याकडे? कपडे दगडावर धुतो मी! कसलं मशीन लावलं मी?"

गर्दी क्षणभर थबकली. खरंच होतं ते. मेव्हणासुद्धा गोंधळला. लिहाबाईची नजर बेकरीवाल्यावर गेली. तो गोंधळला नव्हता. त्याचा चेहरा हळूहळू सपाट होत गेला. मग तो सावकाश मान वळवून मुलीला शोधू लागला.

लिहाबाई पायऱ्या उतरून मैदानात आली.

"मी लिहिली," ती म्हणाली. "मुलांबरोबर मीही लिहिते, विचारा कुणालाही. मशीन मी घातलं. मला काय ठाऊक तुमच्या दुकानात काय असतं? गोष्टीत काहीही घालता येतं."

"तुम्ही?" इस्त्रीवाला म्हणाला. "शिकलेल्या बाई तुम्ही. मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"काही नाही."

हे उत्तर त्याला सहन झालं नाही. त्याने इस्त्री उगारली. लिहाबाईने हात आडवा घातला. मनगटाचं हाड मोडलं, आणि तिथून घसरलेली इस्त्री भुवईवर बसली. ती गुडघ्यांवर आली. डोळ्यात रक्त उतरलं. मग गर्दी पुन्हा इस्त्रीवाल्यावर तुटून पडली. काल मारायची संधी ज्यांना मिळाली नव्हती, त्यांनी आज हात धुऊन घेतले. कुणीतरी त्याच्याच इस्त्रीने त्याच्या बोटांवर मारलं.

शाळेतल्या शिपाईमावशीने धावत येऊन आपल्या पदराने लिहाबाईची भुवई दाबली. लिहाबाईने तिचा कान जवळ ओढला.

"मावशी, ती बेकरीवाल्याची पोरगी आणि बेकरीतली तिची आई. दोघींना आत्ताच्या आत्ता गावाबाहेर जाणाऱ्या गाडीत बसवा. काही विचारू नका. मी त्याला धरून ठेवते."

मावशीने फक्त बेकरीवाल्याकडे एकदा पाहिलं. बायकांना कळायला वेळ लागत नाही, कबूल करायला लागतो.

"चला बाई," बेकरीवाला जवळ येऊन अदबीने म्हणाला. "माझा टेम्पो आहे. दवाखान्यात सोडतो."

"बरं होईल," लिहाबाई म्हणाली. "थांबाल ना माझ्याबरोबर? मला रक्ताची भीती वाटते."

अर्धमेल्या इस्त्रीवाल्यालाही लोकांनी त्याच टेम्पोत मागे, ब्रेडच्या रिकाम्या ट्रेंमध्ये टाकलं.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली होती. दोन खाटा, मधे हिरवा पडदा. पलीकडच्या खाटेवर इस्त्रीवाला, अलीकडच्या खाटेवर लिहाबाई. डॉक्टरांनी दोघांना टाके घातले आणि ते आतल्या खोलीत प्लास्टरची तयारी करायला गेले. बेकरीवाल्याने स्टूल ओढलं. तिचा मोडका हात आपल्या मांडीवर घेतला, अगदी आपुलकीने.

"छान लिहिता तुम्ही. मशीनचं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सुचलं."

त्याने अंगठा मोडक्या जागेवर ठेवला आणि दाबला. खाट, छत, पडदा, सगळं पांढरं झालं.

"माझी पोरगी काय काय बोलते शाळेत?"

"ती कुठे बोलते? वर्गात सगळ्यात मुकी." लिहाबाईने श्वास घेतला. "खरं सांगू का? ते माझ्या घरचं आहे. माझ्या काकाचं."

काका तिला नव्हताच. तिने तो तिथल्या तिथे केला. त्याला पिठाची गिरणी दिली, काकूला लांब वेणी दिली. काका गिरणी चालू करायचा आणि काकूची वेणी पट्ट्याजवळ न्यायचा, असं तिने सांगितलं. बेकरीवाला ऐकत होता. मधेच उठायला लागला की ती काकाच्या हातात आणखी काहीतरी द्यायची. पाना, साखळी, उकळतं पाणी. एकदा तर तो पुढे झुकून म्हणाला, "मग? मेली का?"

"कुठली मेली! ऐका तर."

आता त्याचा अंगठा दाबायचा विसरला होता. काकूच्या किंकाळ्यांची त्याला गोडी लागली होती, हे लिहाबाईला दिसत होतं. तरी ती सांगत राहिली. गिरणीचं दार, काकूचं डोकं, दारावर पुन्हा डोकं.

तेवढ्यात शिपाईमावशी दारात आली. घामाने भिजलेली. तिने नुसती मान डोलावली.

लिहाबाईने डोळे मिटले आणि वाक्य अर्धवट टाकलं. काकू गिरणीच्या दारातच राहिली.

चूक तिथे झाली. बेकरीवाल्याने मावशीकडे पाहिलं. मग लिहाबाईकडे पाहिलं.

"कुठे पाठवलंत त्यांना?"

त्याने मोडकं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि कणीक पिळावी तसं पिळलं. लिहाबाईची किंकाळी रस्त्यापर्यंत गेली. मावशीने त्याच्या पाठीवर पाण्याचा जग घातला. त्याने मागे न बघताच कोपर मारलं, मावशी भिंतीवर आदळली. "कुठे?" त्याने लिहाबाईचं डोकं खाटेच्या दांड्यावर आपटलं. "बोल, नाहीतर भट्टीत तू जाशील."

पडदा फाटला. पलीकडचा माणूस सगळं ऐकत होता. इस्त्रीवाल्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला होता, मोडक्या बोटांच्या दोन हातांनी. पहिला घाव बेकरीवाल्याच्या कानावर बसला. दुसरा तोंडावर. बेकरीवाला पडला आणि उठायला लागला, तेव्हा तिसरा.

"पुरे," लिहाबाई म्हणाली. "अहो, पुरे!"

पुरे झालं नव्हतं. काल टेबलावर आपटलेलं तोंड, मोडलेली बरगडी, फुटलेली बोटं, सगळं तो एकेका घावाने परत करत होता. बेकरीवाल्याचा हात वर आला, तो हात मोडला. मग हात वर आला नाही. डॉक्टर प्लास्टरने माखलेल्या हातांनी दारात उभे राहिले, पुढे आले नाहीत. स्टँड वाकला तेव्हा इस्त्रीवाला थांबला.

बेकरीवाला जगला. डाव्या डोळ्याशिवाय. त्याच्या बायकोने दूरच्या गावातून पोलिसांपुढे आपला हात उघडा करून दाखवला, तेव्हा गल्लीला बाकीचं कळलं. गल्लीने मान दुसऱ्या बाजूने हलवली.

पण ते नंतरचं. त्या वेळी इस्त्रीवाला खाटेला टेकून जमिनीवर बसला. त्याचे टाके सगळे उसवले होते. मावशी भिंतीला धरून उठत होती.

"तुम्ही नाही लिहिली," तो म्हणाला.

"नाही."

"त्या पोरीने."

लिहाबाईने मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून पाणी आणि रक्त एकदमच येत होतं.

इस्त्रीवाल्याने आपली बोटं समोर धरली. ती आता सरळ होणार नव्हती.

"लहान आहे ती. तिला काही म्हणत नाही मी," तो म्हणाला. "पण बाई, जगात एवढे धंदे आहेत. माझाच का सुचला तिला?"

तो मान वर करून, खरंच उत्तर हवं असल्यासारखा, तिच्याकडे बघत बसला होता.