आम्ही बरडावर झाडं लावली

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी सौंसरजवळच्या एका गावात मास्तर होतो. लग्न व्हायचं होतं, शाळेच्याच एका खोलीत राहत होतो. अक्षर चांगलं म्हणून पंचायतीचे ठराव, अर्ज, सगळं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलेलं. सरपंच वयानं मोठे, पण कागद पुढे करताना मला "गुरुजी, बसा" म्हणून खुर्ची द्यायचे. पंचविशीतल्या माणसाला ते फार आवडतं.

गावाच्या उगवतीला बरड होतं. म्हणजे मुरमाड उंचवटा. खाली संत्र्याच्या बागा, पलीकडे कपाशी, आणि मध्ये हे नांगर न लागलेलं रान. सरकारी कागदांत ती गावाची चराईची जागा. पावसानंतर तिथं गुडघ्याएवढं गवत व्हायचं, दिवाळीनंतर ते सोन्यासारखं पिवळं पडायचं. त्या गवतात हरणं राहायची. वीस-पंचवीस तरी असतील. दोन-तीन काळवीट चांगले पिळदार शिंगांचे. शाळेतली पोरं त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहायची नाहीत, इतकी ती रोजची होती.

एका हिवाळ्यात तहसिलीहून जंगलखात्याचे एक साहेब आले. गावाच्या रिकाम्या जमिनीवर झाडं लावायची योजना होती. कुठं लावायची, हे गावानंच बसून ठरवायचं, गावाचा नकाशा गावानंच काढायचा, असं ते म्हणाले. आम्हाला हे नवीन होतं. तोवर जमिनीचं जे व्हायचं ते वरून ठरून यायचं. झाडं मोठी झाली की बल्ल्या, म्हणजे सरळ वासे, विकून त्यातला वाटा पंचायतीला, आणि सरपंचांनी तो शाळेच्या छपराला द्यायचं सगळ्यांदेखत कबूल केलं. माझी शाळा गळत होती. पावसाळ्यात दोन वर्ग एका कोपऱ्यात बसवावे लागायचे.

मी आठ दिवस गावभर हिंडून नकाशा काढला. बागा नारिंगी, कपाशी हिरवी, नाला निळा, वस्ती तांबडी. बरड कोरंच सोडलं.

सभा शाळेच्या ओसरीवर भरली. बायका मागे, खांबांना टेकून बसल्या होत्या. त्यांत बौद्धवाड्यातल्या एक बाई होत्या, चाळिशीच्या. नवरा बागेत रोजीनं जायचा आणि त्या बरडावरचं गवत कापून डोक्यावरून सौंसरला नेऊन विकायच्या. बाराही महिने त्यांचा दिवस त्या गवतातच उगवायचा. सभेत सहसा न बोलणाऱ्या त्या बाई उठून पुढे आल्या आणि नकाशावर वाकल्या.

"गुरुजी, हे पांढरं काय हाये?"

"ते बरड. पडीक जागा."

"पडीक कशी? मी रोज तिथं जाऊन राह्यली. गवत हाये, तितरं हायेत, हरणं हायेत. झाडं लावसान तं गवत राहीन का? मंग हरणाईनं कुठी जाव?"

दोन-चार माणसं हसली. मीही हसलो. मग शाळेत समजावतात तसं सांगितलं, "बाई, जनावरांना जंगल लागतं. आपण जंगलच तर उभं करतोय. झाडं झाली की हरणं वाढतील."

"झाडाईत राहनारं हरीन नाई हे," त्या म्हणाल्या. "याले दूरवरचं दिसलं पायजे. तवाच थे जगते."

साहेब घड्याळ पाहत होते. सरपंच म्हणाले, "बाई, तुमाले कामबी भेटन. खड्डे खंदाले बाया लागतीनच." त्या मागे जाऊन बसल्या. ठराव मी मोठ्यानं वाचला, सह्या झाल्या, अंगठे झाले. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे मी स्वतः शाईत धरून कागदावर टेकवत होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी त्या बाई विळा घेऊन दारात उभ्या. "कागद गेला का?"

"नाही, सोमवारी नेणार."

"मंग चला माह्यासंगं. तुमी पाह्यलं नाई म्हून म्हनून राह्यली."

मी गेलो. त्या पुढे, मी मागे. बरडावर एका जागी त्या थांबल्या आणि हातानंच मला बसायची खूण केली. मला गवताशिवाय काही दिसेना. त्यांनी बोट दाखवलं. चार हातांवर एक पाडस गवताला चिकटून पडलं होतं. मान जमिनीवर टाकलेली, कान पाठीला लावलेले, डोळा मात्र उघडा. त्या डोळ्यावर माशी बसली तरी ते हललं नाही.

"माय तिकडं चरून राह्यली," त्या हळूच म्हणाल्या. "गवतात लपवून जाते. गवत नसन तं कुत्रे एका दिवसात पाहतीन."

आम्ही परत आलो. मला सगळं कळलं होतं. हे मी आज जपून लिहितो आहे, कारण पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. सोमवारपर्यंत तीन दिवस हातात होते. सरपंचांकडे जाऊन, निदान वरचा अर्धा भाग सोडू, एवढं म्हणता आलं असतं. कदाचित त्यांनी मानलंही असतं. पण साहेबांनी माझ्या नकाशाची स्तुती केली होती, तो दुसऱ्या गावांना दाखवू म्हणाले होते. आणि छप्पर होतंच. सोमवारच्या पहिल्या बसनं मी कागद सौंसरला पोचवला.

उन्हाळ्यात बरडाभोवती खोल चर खणला. खड्डे खणायला गावच्या बाया लागल्या, त्यांत त्या बाईही होत्या. पावसात निलगिरी आणि सुबाभूळ लावली. चौकीदार नेमला, गवत कापायला बंदी झाली.

हरणं कपाशीत उतरली. ज्या लोकांनी त्यांना कधी हाकललं नव्हतं ते आता काठ्या घेऊन धावायला लागले, गावची कुत्री मागं लागायची. एका सकाळी पोरं मला चराकडे घेऊन गेली. आत एक काळवीट पडला होता, पुढचा पाय मोडलेला. आम्ही चौघांनी दोर लावून त्याला वर काढलं. शाळेच्या आवारात दुपारपर्यंत तो धापा टाकत होता. मग थांबला. त्या वर्षी पाडसं कुणाला दिसली नाहीत. माझी बदली झाली तेव्हा झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती, आणि कळपातली दोन-तीन हरणं कधीमधी नाल्याकडे दिसायची. नंतर तीही दिसत नाहीत, असं कळलं. छपराचं म्हणाल तर शाळा अजून गळत होती.

दशक संपत आलं तेव्हा मी पांढुर्ण्याकडच्या एका शाळेत होतो. सौंसरच्या बसस्टँडवर पुढच्या बसची वाट बघत उभा असताना त्या बाई दिसल्या. आता बागेत संत्री तोडायला जात होत्या. मुलीकडे निघाल्या होत्या. मीच बोललो. बोलता बोलता म्हणालो, "बाई, त्या बरडाचं माझ्याकडून चुकलं. तुम्ही दाखवलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी एकटेच कुठी होते गुरुजी? आंगठा म्याबी देल्ला होता. तुमीच तं धरला होता माह्या हात."

मला ते आठवतच नव्हतं. इतके अंगठे धरले होते.

"मंग कागद जाऊ नये म्हून तुमाले घेऊन गेली," त्या म्हणाल्या. "काम भेटन म्हून देल्ला, अन् घरी जाऊन झोप नाई लागली."

हे ऐकून माझं ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. त्यांनी दिलेला अंगठा मोडायचा एकच रस्ता त्यांच्याकडे होता, तो म्हणजे मी, आणि तो त्यांनी धरून पाहिला होता.

त्यांची बस लागली. मी गाठोडं वर चढवून दिलं. खिडकीतून त्यांनी विचारलं, "तुमच्या तिकडं हायेत का हरणं?"

"नाहीत," मी म्हणालो. खरं म्हणजे त्या शाळेवर तीन वर्षं झाली होती आणि मी कधी बघायला गेलो नव्हतो.