दात पाहू आधी

"दात पाहू आधी."

कॉम्प्युटर टेबलावर ठेवला की ती एवढंच म्हणायची आणि पेचकस घेऊन त्याची बाजू उघडायची. तिच्या माहेरी मेंढरं होती. बाजारात जनावर घेताना तोंड उघडून दात बघतात, त्यावरून वय कळतं. तीच रीत तिनं कॉम्प्युटरच्या दुकानात आणली होती. आतला पंखा, तारा, धुळीचा थर, हे तिच्या लेखी दात. ते बघून ती निकाल द्यायची, आणि निकाल देताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचीसुद्धा नाही.

कळमनुरीत आठवडी बाजाराच्या रस्त्याला तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे तिला बाई म्हणत आणि मानानं बोलत. तिच्याबद्दल 'त्या' म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामाला पक्की, तोंडानं फटकळ, आणि तरी आपण पुन्हा त्यांच्याच दारात. एकानं लेकीसाठी नवा लॅपटॉप सुचवा म्हटलं, तर तिनं विचारलं, "जुना मेला का?" मेला नव्हता. त्याला तिनं हाकलून दिलं.

तिचा एक नियम होता. वस्तू ठेवून घेताना दोन फोन नंबर लिहून घ्यायची. "तू उचलला न्हाई तर मी कुणाला हाक मारू?" माझ्या आईकडे फोन नाही. मला पाठ असलेला दुसरा नंबर एकच होता, धाकट्या भावाचा. तो मी लिहून दिला. त्या नंबरावर मी स्वतः चार वर्षांत एकदाही फोन केला नव्हता.

का, तेही सांगतो. आमचं घर मेंढरांचं. मी शाळेत कारकून, आणि वडील गेल्यावर कळप भाऊ राखायचा. तो नातेवाइकाच्या लग्नाला जवळा बाजार गावी गेला होता, त्या दोन दिवसांत मी सगळा कळप विकला. चरायला रान उरलं नाही असं माझं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण त्याला विचारलं नाही. परत आल्यावर मेंढरं बसायची त्या जागेत तो थोडा वेळ उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला कंपनीत निघून गेला. आलेल्या पैशातून मी गेम खेळायचा कॉम्प्युटर घेतला, त्यातल्या त्यात स्वस्तातला.

वर्षभरानं ट्रक चालवायच्या एका ऑनलाइन खेळात मला भावाचं नाव दिसलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघं कुठल्याशा परदेशी रस्त्यावर एकामागे एक ट्रक चालवायचो. बोलणं नाहीच, नुसतं लिहिणं. "डावीकडं घे." "थांब, डिझेल भरतो." फोन करून काय बोलणार होतो? मेंढरांवाचून वाक्य सुरूच होत नव्हतं.

मग कॉम्प्युटर थकला. भर रस्त्यात चित्र थांबायचं, कधी सगळंच बंद पडायचं. पुन्हा सुरू करीपर्यंत भावानं लिहिलेलं असायचं, "तुझी गाडी दिसत न्हाई." त्यात खेळाची नवी आवृत्ती येणार होती आणि ती माझ्या मशीनवर चालणारच नव्हती. म्हणजे दोघांत उरलेला तेवढा रस्ताही जाणार होता.

मशीन मोटरसायकलला बांधून मी कळमनुरी गाठली आणि बाईला म्हणालो, "चित्र अडकतंय. नवं ग्राफिक्स कार्ड टाका."

तिनं दात पाहिले. "कार्डाला करंट जास्ती लागतंय. ह्यो पॉवर सप्लाय जळंल. तो बदलला तर बोर्ड पुरणार न्हाई. बोर्ड बदलला तर तुझं काय राह्यलं? डबा."

"डबा तर डबा. टाका तुमी."

"पैसा कशातून आणलता ह्याला?"

मी सांगून बसलो. तिचा पेचकस थांबला. "मेंढरं विकून डबा घेतला," ती दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाली. तीन गिऱ्हाइकं होती, तिघंही हसली. त्या दिवशी मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी गेलोच. तिनं साफ करून दिलेलं मशीन कसंबसं चालायचं आणि रविवारी साडेदहाच्या आत पुन्हा मान टाकायचं. मग ते बांधायचं आणि अकराला तिच्या दारात भांडायला हजर व्हायचं. "आले मास्तर," ती म्हणायची. मी मास्तर नाही हे तिला माहीत होतं. एकदा संतापून मी ओरडलो, "खेळायला न्हाई, भावासाठी पायजे मला!"

"मग त्याला फोन काहून करत न्हाई?"

"तुमी मशीन पाहा. माझं घर पाहू नका."

"मशीन पाहूनच बोलून राहिले."

शेवटी नांदेडहून मी कार्ड घेऊन आलो. ती ते बसवेना. मी तिच्यासमोर हट्टानं स्वतः बसवलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला, आणि दुसऱ्या मिनिटाला जळका वास आला. तिनं शांतपणे प्लग ओढला.

ती हसली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "तुमच्या हातालाच गुण न्हाई. म्हणून तर दुकान रिकामं राहतंय." खरं तर दुकान कधीच रिकामं नसायचं. मशीन उचलून तिनं फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी ये."

पुढच्या रविवारी दुपार टळल्यावर पोचलो, तर शटर खाली होतं. शेजारच्या शिंप्यानं शिलाई मशीनवरची मान वर न करता सांगितलं, "बाई बुधवारी गेल्या. छातीत दुखलं म्हणले."

लाज वाटते, पण पहिला विचार आला तो माझा कॉम्प्युटर आत अडकला हा. दुसरा विचार यायच्या आत खिशातला फोन वाजला. भावाचा नंबर होता. चार वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. जाड झाला होता.

"दादा, बरा हैस ना? त्या कळमनुरीच्या बाईचा फोन आला न्हाई आज."

"कोणत्या बाईचा?"

"कॉम्प्युटरवाल्या. दर रविवारी दुपारी करतात. 'आज येऊन भांडून गेला, आवाज खणखणीत व्हता, तब्येत बराबर हाय,' एवढं सांगतात अन् ठेवतात."

मला न विचारता. माझ्या पाठीमागं, माझ्याच लिहून दिलेल्या नंबरावर. मला तिचा भयंकर राग आला आणि तो अजून गेलेला नाही. आता तो कुणावर काढू, हे मला कळत नाही. मी शटरचं कुलूप एकदा ओढून पाहिलं.

"दादा," भाऊ म्हणाला, "तू आज भांडायला गेला न्हाईस का?"

"आलोय की," मी म्हणालो. "दुकान बंद हाय."