सीबचा माळी

मस्कतजवळच्या सीबहून फोन आला तेव्हा बाहेरचं ऊन अजून कोवळं होतं. दादाच्या खोलीत राहणारा त्याचा जुना सहकारी रहीम बोलत होता. “दीदी, दादा सुबह उठा नहीं... खलास.” नळ बंद केला, पाळी संपली, की इथले कामगार दिवसातून दहादा जो शब्द उच्चारतात, तोच हा शब्द. फोनमधून खोलीतल्या एसीची घरघर ऐकू येत होती...

माझा हा थोरला भाऊ कुडाळजवळच्या आमच्या गावातून ऐन तरुणपणी मस्कतला आला आणि अखेरपर्यंत त्यानं एकच काम केलं. रस्त्याकडेच्या आणि चौकांतल्या बागा जगवल्या. सीबमधल्या एका चौकातला, गाड्या वळसा घालतात तो गोल तर सर्वस्वी त्याच्या हातचा. हिरवळीला पाणी पुरत नाही हे ओळखून त्यानं वरिष्ठांच्या मागे लागून ती काढायला लावली, डोंगरातले तांबूस दगड आणवले, भोवती बारीक खडी पसरली आणि मधोमध रानबोरीचं एकच झाड लावलं. रोज पहाटे तो त्या खडीवर दाताळं फिरवी. उन्हं तिरपी झाली की त्या रेघांमध्ये सावल्यांचे बारीक धागे दिसत. त्याच्या पगारावर मी मुंबईत कविता शिकले, एम. ए. झाले, आणि पुढे एका इंजिनिअरशी लग्न करून मस्कतमधल्या मदिनत सुलतान काबूस या श्रीमंत वस्तीतल्या ऐसपैस घरात आले. दादा आमच्याकडे येई, पण पाहुण्यांना त्याची ओळख करून देताना माझी जीभ अडखळे. “बागांच्या खात्यात असतात,” एवढंच मी म्हणे. तो हसून पाण्याचा ग्लास उचली.

मस्कतमधल्या आम्हा अठरा मराठी मंडळींची जपानची सहल ठरली, तेव्हा मी त्याला हट्टानं सोबत नेलं. क्योतोमध्ये सकाळी बसमध्ये बसताना आमच्यातल्याच देशपांडेकाकांनी त्याला सहज विचारलं, “आपण कुठल्या कंपनीत?” दादानं तोंड उघडण्याआधीच मी उत्तर देऊन टाकलं, “लँडस्केप कन्सल्टंट आहेत ते.” काका “वा, वा!” म्हणाले. बस सुरू झाल्यावर दादा हलक्या आवाजात म्हणाला, “शालू, माझा काम काय वायट हा गो?” मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागले. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

आम्ही पोचलो ती एका जुन्या मंदिरामागची बाग होती. ओल्या शेवाळाचा थंड, मातकट वास आधी आला, मग बांबूच्या पन्हळीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा नाद. तळ्यावर वाकलेला पाइन, त्याच्या फांदीला दिलेला लाकडी टेकू, पाण्यात लवलवणारं त्याचं हिरवं प्रतिबिंब... आणि तळ्यापलीकडे, वळणावर, पांढऱ्या जाडसर वाळूचं एक अंगण. त्यात पाच काळे दगड, आणि दगडांभोवती दाताळ्यानं ओढलेल्या लाटा. दादा पुटपुटला, “आपल्या सीबच्या गोलार मी ह्यांच केलंय गो.”

मग फोटोची टूम निघाली. सगळे एका चौकटीत मावावेत म्हणून देशपांडेकाका डोळ्याला कॅमेरा लावून मागे मागे सरकत गेले. “अजून थोडं... जरा हसा की!” आणि त्यांची दोन्ही पावलं त्या लाटांमध्ये रुतली. आमच्या जपानी गाइड मुलीनं तोंडावर हात नेला. देशपांडेकाकू पुढे धावल्या आणि रांगोळी फिसकटल्यावर बोटानं सारखी करतात तशी वाळू सारखी करायला वाकल्या. “काकींनू, हात लावू नकात!” सगळ्या सहलीत दादाचा आवाज पहिल्यांदाच मोठा झाला होता. “मधली एक रेघ मोडली तर कडेपासून सगळी परत वढूक लागता. आणि काकानू, हलू नकात, नायतर आणखी दोन पावलां उठतली.” त्यानं काकांना हात दिला आणि एका ढांगेत वाटेवर घेतलं.

तिथला वृद्ध माळी आला. रागावला नाही, ठशांकडे पाहिलं, लाकडी दाताळं आणलं आणि कडेपासून सुरुवात केली. बाकीचे ओशाळून इकडेतिकडे पाहत होते. दादा मात्र त्या माणसाच्या मनगटांकडे पाहत होता. दाताळं कुठे दाबतो, कुठे नुसतं तरंगत ठेवतो, ते. माळ्याच्याही ते ध्यानात आलं. अखेरची हातभर जागा उरली तेव्हा त्यानं थांबून दाताळं दादापुढे धरलं. दादानं ते घेतलं, तोलून पाहिलं, दातांवरून अंगठा फिरवला आणि दोन्ही हातांनी परत केलं. “दुसऱ्याच्या वाफ्यात हात घालूचो नसता,” तो मला म्हणाला. “तेका सांग.”

मी इंग्रजीत सांगितलेलं गाइडनं त्याला ऐकवलं. माळी खळखळून हसला आणि त्यानं काहीतरी विचारलं. “हे कोणत्या बागेचं काम पाहतात?” गाइडनं इंग्रजीत मला विचारलं. आमच्या सगळ्या मंडळींचे कान माझ्याकडे लागले होते. सकाळचा तो भारदस्त शब्द जिभेवर आला आणि तिथेच विरला. “गार्डनर,” मी म्हणाले. मग आमच्या माणसांकडे वळून मराठीत, जरा मोठ्यानंच, “माळी आहे. माझा सख्खा भाऊ.” दादानं मान वर केली. “सीबचो गोल सांग तेका,” तो म्हणाला, “आणि थंय पाऊस वर्षाक दोन-तीन दिसच पडता, ता पण सांग.” ते कळल्यावर तो वृद्ध माळी कमरेत लवला, आणि बराच वेळ तसाच राहिला. दादा गोंधळला, मग त्यानंही हात जोडून मान लववली. माझा ऊर त्या क्षणी जसा भरून आला, तसा पदवी हाती पडली तेव्हाही आला नव्हता.

परतताना देशपांडेकाकांनी आपली पुढची जागा सोडून दादाला बसवलं. “अहो दादा, आमची बाल्कनीतली तुळस सारखी मरते हो!” “पाणी जास्त घालतास,” दादा म्हणाला, “मायेन मारतास तिका.” बसभर हशा पिकला. मग कुणाचा कढीपत्ता, कुणाची जास्वंद... हॉटेल येईपर्यंत त्याचा दवाखाना चालू होता.

त्याला जाऊन आता सहा आठवडे होतील. शुक्रवारी तो घरी आला की चपला काढून आधी गच्चीत जाई, प्रत्येक कुंडीत तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून ओल पाही, आणि मगच चहाला बसे. आता शुक्रवारी ते मी करते. वरची माती तापलेली असते, आणि आत, पेराच्या खाली, अचानक गारवा लागतो. परवा आमच्याकडे एक नव्यानं मस्कतला आलेल्या बाई आल्या होत्या. चहा देताना माझ्या नखातली माती त्यांना दिसली. “बागकामाची आवड दिसते तुम्हाला,” त्या कौतुकानं म्हणाल्या.

“आवड कसली,” मी म्हणाले, “आमच्या माहेरचं काम आहे ते.”