आईच्या डोक्यावर टोपली कधीच नव्हती

आमच्या शहरात बायकांचा मान ठेवायची एक ठरलेली पद्धत आहे. वर्षभर काही नाही, आणि महिला दिन जवळ आला की मंडप, गुलाबाची फुलं आणि एखाद्या म्हातारीची शोधाशोध. यंदा ती शोधाशोध आमच्या दारापर्यंत आली.

एका नागरिक मंडळाने शहराच्या इतिहासातल्या कर्तृत्ववान स्त्रिया रस्त्याकडेच्या लांबलचक भिंतीवर रंगवायला घेतल्या होत्या. राणी होती, डॉक्टरीणबाई होत्या, मुलींची शाळा काढणाऱ्या एक बाई होत्या. बाजारातलंही कोणीतरी हवं असं बैठकीत निघालं, आणि कोणाला तरी माझी आई आठवली. दोन कॉलेजच्या मुली घरी आल्या. त्यांनी आईपुढे मोबाईल ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, बोला."

आई दुपारभर बोलली. ऐंशी ओलांडलेली बाई, गुडघे गेलेत, पण आवाज अजून मार्केटातलाच आहे. शेजाऱ्यांनी टीव्ही कितीही मोठ्याने लावला तरी आम्हाला तक्रार करायची सोय नाही.

माझ्या वडिलांची संत्रा मार्केटात अडत होती. म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्यापुढे उतरवून घ्यायचा, व्यापाऱ्यांना विकून द्यायचा आणि आपलं कमिशन घ्यायचं. मार्केट तेव्हा शहराबाहेर कळमन्याला गेलं नव्हतं. मी शाळेत असताना वडील वारले. गादी काकांकडे जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आई कुहीकडची, धानाच्या गावची. संत्र्याचं झाड तिने लग्नानंतर पाहिलं. तेरवी झाली आणि ती गादीवर जाऊन बसली.

अडचण हिशेबाची नव्हती, तिला तो येत होता. अडचण रुमालाची होती. भाव तेव्हा तोंडाने बोलत नसत. अडत्या हातावर रुमाल टाकून ढिगाजवळ उभा राहायचा. एकेक व्यापारी यायचा, रुमालाखाली हात घालायचा आणि अडत्याची बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूच्या व्यापाऱ्याला कळायचं नाही आणि शेजारी उभ्या शेतकऱ्याला तर मुळीच नाही. सगळे आटोपले की अडत्या सांगेल तो भाव खरा.

आता विधवा बाईचा हात रुमालाखाली कोण धरणार? आणि धरलाच तर बाजार काय काय बोलणार? काकांनी तोड काढली. "वहिनी, गादी तुमची, हात माहा." काही दिवस तसं चाललं. रुमालाखाली वेगळा भाव ठरायचा आणि आईच्या कानावर वेगळा यायचा, हे तिच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. एका सकाळी तिने काकांच्या हातावरचा रुमाल उचलला, ढिगावर फेकला, स्वतःचा हात उघडा वर केला आणि म्हणाली, "बोला. ज्याले घ्यायचं आहे त्यानं तोंडानं बोला."

कोणी बोललं नाही. संत्री ढिगातच राहिली, मऊ पडली, घरी आणावी लागली. आम्ही शेजारपाजारच्यांना वाटली. मार्केटात तिला काय काय म्हणत ते मी इथे लिहिणार नाही, ते म्हणणाऱ्यांची नातवंडं आज चांगल्या ठिकाणी आहेत. एक बडा व्यापारी तर सांगत फिरायचा की या बाईच्या ढिगाला हात लावणाऱ्याशी मी व्यवहार करणार नाही. पण काटोलकडच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी माल तिच्यापुढेच उतरवला. आपल्या मालाचा भाव त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकला होता. मग त्यांचे शेजारी आले, मग त्यांचे सोयरे. माल तिच्याकडे, मग व्यापारी जाणार कुठे? तो बडाही आला, सगळ्यात शेवटी. उघड बोलीचे नियमबियम नंतर आले. आमच्या रांगेतला रुमाल आईने काढला.

मुलींनी सगळं ऐकलं. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पोरींना मी दोष देत नाही. जाताना एकीने विचारलं, "आजी, चित्रात तुम्हाला कसं दाखवायचं?"

आईने जागच्या जागी हात वर केला, पाची बोटं मोकळी. "असं दाखवजो. ढिगाजवळ उभी आन् हात वर. बाकी तोंड कसंई येऊ दे. माहा हात दिसला पायजे."

त्यानंतर महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. दूधवाल्याला सांगितलं, फिजिओथेरपीवाल्याला सांगितलं. मी म्हटलं, अगं, अजून झालं कुठे? तर म्हणाली, "मेल्यावर फोटोले हार सारेच घालतात वं. मले जित्तेपनी पाहाचं आहे." तिने कधी काही मागितलं नाही. दागिना नाही, तीर्थयात्रा नाही. भिंतीवरचा तो हात तेवढा तिला हवा होता, आणि मलाही तिच्यासाठी हवा होता. मला वाटलं, एवढं तर हे शहर देईल.

उद्घाटनाच्या दिवशी तिला ऑटोतून नेलं. गांधीबागेच्या कापडबाजारातून तिने स्वतः कधीकाळी घेतलेली मोतिया रंगाची साडी नेसली होती. भिंतीवर पडदे होते. एकेक पडदा निघत गेला, टाळ्या होत गेल्या. आईचा पडदा निघाला आणि ती मला म्हणाली, "ही कोन वं?"

हिरवं नऊवारी लुगडं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, विधवेच्या. नाकात नथ. डोक्यावर संत्र्यांनी भरलेली टोपली, आणि दोन्ही हातांनी ती टोपली घट्ट धरलेली. बाई गोड हसत होती. खाली लिहिलं होतं, 'संत्रानगरीची कष्टकरी माता'. राणीचं नाव होतं, डॉक्टरीणबाईंचं होतं. इथे नाव नव्हतं, मातेला बहुधा लागत नाही.

मी सरळ मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. मी चाळीस वर्षं वर्गात ओरडले आहे, मला माईक लागत नाही. मी म्हटलं, "माझ्या आईने टोपली विकली नाही. विकली असती तरी लाज नव्हती. पण नाही विकली. ती अडत्या होती."

ते अजिबात रागावले नाहीत. असल्या लोकांचं हेच मला सहन होत नाही. म्हणाले, "ताई, ऐका ना. संत्रं म्हटलं की टोपली, पब्लिकला लगेच समजते. हात वर केलेली बाई काढली तर लोक म्हणतील, ही निवडणुकीला उभी आहे का?" आजूबाजूचे हसले. मग त्यांनी भाषण केलं. त्यात सांगितलं की आपल्या मार्केटात तोंडी बोली कोणी आणली हे नव्या पिढीला माहीत हवं, आणि त्या बड्या व्यापाऱ्याचं नाव घेतलं. सगळ्यात शेवटी आलेल्या त्या माणसाचा नातू पहिल्या रांगेत होता. भिंतीचा रंग त्याच्याकडून होता. तो उभा राहिला, हात जोडले, टाळ्या झाल्या. बायकांच्या भिंतीसमोर.

आईला शाल-श्रीफळ दिलं. फोटोवाला कुठूनतरी खरी टोपली घेऊन आला. "आजी, जरा डोक्यावर घ्या ना. चित्रासारखा फोटो येईल."

"मी टोपली नाई उचलत बाबू," आई म्हणाली. "टोपल्या उचलायले मानसं होते माह्याकडं."

सगळ्यांना ते फार आवडलं. काय आजी आहे, म्हणाले. आणि हसत हसत दोघांनी टोपली तिच्या डोक्यावर ठेवलीच. पडू नये म्हणून तिला दोन्ही हात वर करून ती धरावी लागली. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात आला, आणि खरं सांगते, हुबेहूब चित्रासारखा आला.

मी टोपली खेचून खाली ठेवली तेव्हा फोटो काढून झाला होता. ऑटोत मी बडबडत राहिले. अर्ज करू, पेपरात लिहू, त्या भिंतीवर मी स्वतः डांबर फासते. घरी आल्यावर आई पलंगावर बसली, नवी शाल मांडीवर पसरली आणि म्हणाली, "हात दे."

मी हात दिला. तिने शाल आमच्या दोघींच्या हातांवर ओढली. आत माझी चार बोटं एकदम दाबली, मग दोन, मग एका बोटाचं फक्त पेर. तिची बोटं गार होती.

"सांग, किती?"

"नाही कळलं मला."

"तुले कसं कळंन. मीच तं बंद पाडलं ते." ती थोडी हसली. "चांगला भाव देऊन राहिली होती मी."

"मग तोंडाने सांग ना, माय."

"आता कोनासाठी?" ती म्हणाली, आणि शालीखालून हात काढून घेतला.