चोक चालू

जय भीम मंडळी, आत्ताच घरी आलो. आल्या आल्या हे लिहितो.

सकाळी आमच्या तेलुगू मुलखातल्या भीमपूरच्या रस्त्यावर बाभूळ आडवी पडली. दहावीच्या पोरांची बस अडकली, पेपरला पाऊण तास बाकी. शेजारच्या रामरावभाऊनं झाड कापायची पेट्रोल मशीन आणली. दोरी किती ओढली, सुरूच होईना.

मी आदिलाबादच्या तेलुगू मेकॅनिकला फोन लावला. सांगितलं, चोक लावून दहादा ओढलं. तो म्हणे, "चोक चालू सार, चालू."

मग काय, चोक तसाच ठेवून आमी ओढतच राह्यलो. नुसता पेट्रोलचा वास.

तेवढ्यात त्याच बसनं ऑफिसला निघालेली माझी बायको खाली उतरली. ती मंडल ऑफिसात, म्हंजे इथल्या तहसिलीत, क्लार्क, दिवसभर तेलुगूच बोलते. म्हणाली, "अवो मास्तर, तेलुगूत चालू म्हंजे पुरे. चोक बंद करा म्हणून राह्यला तो."

पेट्रोलनं भिजलेला प्लग काढून पुसला, चोक बंद केला. तिसऱ्या झटक्यात मशीन अशी गरजली की अख्खी बस ओरडली. पोरं वेळेवर पोचली.

वीस वर्सं इथं मराठी शाळेत मास्तरकी करून राह्यलो मी, तेलुगू शिकायचं तेवढं राह्यलं. खरं सांगा, समोरचा 'पुरे' म्हणत असताना तुमी कुठं ओढत राह्यले?