थिजलेलं तेल

साबण विकायच्या आधी ती त्याला जीभ लावायची. टोपलीतली एक वडी उचलायची, तिच्या कोपऱ्याला जिभेचं टोक टेकवायची, डोळे बारीक करून क्षणभर थांबायची आणि मग तीच वडी आमच्यापुढे धरून म्हणायची, "पाहा जी, तुमीही जीभ लावून पाहा. जे जिभेले सोसत नाही, ते आंगाले कायले लावाचं?"

आम्ही कोणी कधी जीभ लावली नाही. पदराआड हसायचो आणि "राहू दे, राहू दे, विश्वास आहे" म्हणून वडी घ्यायचो. विश्वास आहे हे शब्द मी किती सहज वापरत असे, ते आठवलं की आज मान वर करवत नाही.

तिचं नाव मला माहीत होतं. इथे लिहीत नाही. ते घेण्याचा माझा हक्क मी गमावला आहे. गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरांत सगळ्या तिला साबणवाली म्हणत, मी मावशी म्हणे. चाळिशीची, उंच, काळीसावळी, विधवा. गळ्यात तुळशीची कंठी. मांस-मासळी तिच्या चुलीवर कधी चढली नाही. माहेर दवनीवाड्याचं, शेतकऱ्याचं. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहिली होती आणि धानाच्या बांधीत व भावजयीच्या चुलीपुढे अशी दोन्हीकडे राबली होती. मग एका शिबिरात साबण करायला शिकली, गोंदियालगतच्या फुलचूरला एक खोली घेतली आणि तिथेच राहू लागली.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. माझे यजमान मालधक्क्यावर कारकून. आम्ही साताऱ्याकडचे, तिथे नवे. झाडीपट्टीची बोली मला समजायला दोन महिने लागले आणि शेजारणींची हिंदी बोलायला सहा. अशा परक्या गावात परसदाराशी येऊन "काऊन बाई, आज एकल्याच बसल्या?" असं विचारणारी ती पहिली.

साबण करताना तिला पाहणं हा एक सोहळाच असे. तुमच्या पाहण्यातही अशी माणसं असतील, कामाला बसली की घरात देव आल्यासारखी वागणारी. मातीच्या मडक्यात सोड्याचं पाणी निवायला ठेवलेलं. दुसऱ्या भांड्यात तेल. पाण्याची बारीक धार तेलात सोडायची आणि लाकडी दांड्याने ढवळत राहायचं, एकाच दिशेनं, तास-दीड तास. मध्ये कोणी बोललेलं चालायचं नाही. मी एकदा शिंकले, तर तिने न थांबता माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी शिंक आपोआप जिरली. "साबन रुसते जी," नंतर तिने समजावलं. सगळ्यात शेवटी रोशाच्या गवताचं तेल. त्याचा वास गुलाबासारखा, पण गुलाबाहून जरा रानटी. एकदा तिचा हात सैल सुटला आणि तो साबण लावून आमचे हे कामावर गेले. दिवसभर लोक त्यांना विचारत होते, बाबूजी, आज कोणाची वरात? घरी आल्यावर त्यांनी तो साबण माझ्या हाती दिला आणि म्हणाले, हा तुझा.

घाई तिला खपत नसे. वड्या कापल्या की बांबूच्या ताटीवर महिनाभर सुकायच्या. कच्च्या साबणातला सोडा जिभेला झोंबतो, म्हणून ते जीभ लावणं. एका व्यापाऱ्याच्या बायकोला मुलीच्या लग्नासाठी आठ दिवसांत साबण हवा होता. ती म्हणाली, "पोराले नऊ महिने लागते, साबनाले एक. दोघायचीही घाई मी नाही करत." व्यापारीणबाई रागावून गेल्या. ही मात्र आपलीच टोपली डोक्यावर घेऊन मजेत निघाली.

माझ्या घरी पहिलं संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं ठरलं, तेव्हा वाण म्हणून काय लुटायचं यावर मी बराच विचार केला. फण्या सगळ्याच देतात, आरसेही झाले होते. मग सुचलं, मावशीचा साबण. चाळीस वड्या. मार्गशीर्षाच्या सुरुवातीलाच तिला सांगितलं, म्हणजे महिनाभर सुकायला वेळ मिळेल.

तिने टोपली खाली ठेवली. "म्हंजे चाळीस घरी माहा साबन जाईन?"

"जाईल की."

"वान म्हून?"

"वाण म्हणून."

ती पायरीवर बसलीच. हळदीकुंकवाच्या वाणात आपल्या हातचं काही असेल हे त्या विधवा बाईच्या स्वप्नातही आलं नसणार. मग म्हणाली, "भाऊ म्हनून राहिला, पुरे झाला खेळ, वापस ये. मी तेले संक्रातीपावतर थांब म्हनलं. चाळीस घरी साबन लागला तं मले वापस जा लागत नाही, बाई." तिचं सगळं त्या चाळीस वड्यांवर टांगलेलं होतं आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पौषातल्या एका सकाळी वाणाच्या वड्या सुकल्या का पाहायला मी फुलचूरला गेले. थंडी मरणाची होती. दाराला कडी होती, ती कुठे पाण्याला गेली असावी. अंगणात एक मोठा पत्र्याचा डबा उघडा ठेवलेला. आत डोकावले, तर काठोकाठ पांढरट-पिवळं, घट्ट, वरून मेणचट काहीतरी थिजलेलं.  मी वर्षभर तिचा साबण अंगाला लावत होते, पण तो कशापासून करतात हे कधी विचारलं नव्हतं. वास आवडला होता, तेवढं पुरे होतं. आमच्याकडे तेल म्हणजे शेंगदाण्याचं, करडईचं. ते असं थिजत नाही. खोबरेल थिजतं ते शुभ्र, तूप थिजतं ते रवाळ; असं पिवळट, मेणचट थिजणारी एकच वस्तू मला माहीत होती.

मी तशीच परत फिरले. शेजारी आमच्या ह्यांच्या वरच्या बड्या बाबूंचं कुटुंब राहत असे. त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणे. भाभी ओट्यावर मटार सोलत होत्या. त्यांनी विचारलं, चेहरा का असा? मी म्हटलं, "साबणवालीकडे डबा पाहिला. चरबी थिजल्यासारखं दिसत होतं काहीतरी."

"चर्बी!" भाभींच्या हातची शेंग खाली पडली. "हाय राम!"

इतकंच. मी एवढंच बोलले, आणि तेही "सारखं" म्हणाले होते. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला त्या "सारखं"चा आधार देत आले.

तिसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली. पाणी मागितलं, प्यायली आणि म्हणाली, "बाई, तुमी आल्या व्हत्या म्हने. शेजारनीनं सांगतलं. चाला न जी आज, वड्या सुकून राहिल्या, पाहा तरी." मी गेले. तोच डबा उन्हात होता. माझ्यासमोर तिने त्यात बोट फिरवलं. कडेचं विरघळून सोनेरी तेल झालेलं. "टोरीचं तेल. टोरी म्हंजे मोहाचं बी. थंडीनं थिजते, ऊन लागलं का पातर. आमच्या आयनं याच्यात पुऱ्या तरल्या, याचाच दिवा लावला." मग तिने डबा कलता करून एक लांब धार भांड्यात सोडली. त्या धारेतून पलीकडचं कुंपण दिसत होतं.

परत येताना मी ठरवलं, आज भाभींना सांगायचं. पण घरी पोचले तर भाभींच्या ओट्यावर चार बायका बसलेल्या आणि गोष्ट केव्हाच पुढे गेलेली. साबणवाली कसायाकडून चरबी आणते, पहाटे आणते, हे अमकीने डोळ्यांनी पाहिलं. ती अमकी म्हणजे मीच. "क्यों बहू, देखा था न?" भाभींनी विचारलं. माझं बोलणं खोटं ठरवायचं तर मी उथळ ठरत होते, भाभी तोंडघशी पडत होत्या, आणि बडे बाबू ह्यांचे वरिष्ठ. मी काहीतरी पुटपुटून घरात गेले. उद्या सांगू म्हटलं. असे पंधरा उद्या गेले. एकेक घर तिला दारातून परत पाठवू लागलं. तिला वाटलं, थंडीने लोक आंघोळी कमी करत असतील. असंही ती हसून म्हणाली मला.

वाणाचं काय करायचं हे ठरवायलाही मला धीर झाला नाही. तिला नको म्हणून सांगितलं नाही आणि बाजारातून गुपचूप चाळीस फण्या आणून ठेवल्या.

हळदीकुंकवाच्या दुपारी घर बायकांनी भरलं होतं. तिळगुळाची ताटं फिरत होती. परसदारी हाक आली, "बाई, मी आत येत नाही जी. टोपली तेवढी घ्या."

ती पायरीखाली उभी होती, धुतलेल्या पांढऱ्या लुगड्यात. टोपलीत चाळीस वड्या, प्रत्येक वडी पळसाच्या पानात, वर काडीचा टाका. अख्ख्या घरात रोशाचा वास पसरला. माझ्या मागून भाभी आल्या, त्यांच्या मागून दहा-बारा जणी. "यही है वो चर्बीवाली? बहू, ये बाँटने वाली थी तू हमको?"

"चरबी?" तिला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. ती रडली नाही, ओरडली नाही. एक पुडी सोडली, वडी काढली आणि सगळ्यांदेखत तिला जीभ लावली. टोक नव्हे, सबंध जीभ. "मी कंठीवाली बाई आहो. चरबी असती तं जीभ लावली असती का मी?"

बायकांनी "ईऽऽ" म्हणून तोंडं फिरवली. कोणी हसलं. तेव्हा ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी तं पायलं न जी. तुमच्यापुढं पातर केलं मी. सांगा यायले, तेल कायचं व्हतं?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मोहाचं म्हणायला किती वेळ लागतो? एकच शब्द. माझ्या हातात हळदीकुंकवाचा करंडा होता. मी म्हणाले, "मला काय ठाऊक? पातळ केलेलं मी कुठे पाहिलं?"

 तिने सुटलेली पुडी पुन्हा बांधली, काडी नीट टोचली, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. मी आत येऊन फण्या वाटल्या. बायकांना फण्या आवडल्या.

आठवड्याने ती परसदारी आली. भाऊ घ्यायला आला होता, बैलगाडी रस्त्यावर उभी होती. मी म्हटलं, "बस ना." ती बसली नाही. त्या भागातली माणसं आडवळणाने बोलत नाहीत, तीही सरळच बोलली.

"थिजलेलं तेल पायलं, चरबी वाटली. कोनालेही वाटते, त्याचा मले राग नाही, बाई. पन मंग मी पातर करून दाखवलं न तुमाले? त्या दिवशी काऊन नाही बोलल्या?"

मी उभी होते. आज सत्तरी उलटली, त्या प्रश्नापुढे मी अजून तशीच उभी आहे. ह्यांची नोकरी, भाभींचा मान, परकं गाव, सगळी कारणं मी मनात मांडून पाहिली आहेत. त्यातलं एकही तिला तोंडावर सांगता आलं नसतं. खरं कारण इतकंच, की चार बायकांत माझी पत राहावी म्हणून मी तिची घालवली.

तिने कनवटीतून पळसाच्या पानाची एक पुडी काढून ओट्यावर ठेवली. "हे तुमची. दीड महिना झाला तिले. झोंबनार नाही." आणि रस्त्याच्या बाजूने निघून गेली. गाडीच्या चाकांचा आवाज बराच वेळ येत होता. मी बाहेर जाऊन पाहिलं नाही.

नंतर आम्ही गोंदियात तीन वर्षं होतो. दवनीवाडा काही लांब नव्हता. एकदा श्रावणात मोटारीने त्या वाटेने जाताना बांधीत रोवणी चाललेली दिसली. बायका ओळीने वाकलेल्या, तोंडं चिखलाकडे. मी खिडकीशी होते. उतरण्यासारखं होतं. मी पदर पुढे ओढून घेतला.

ती वडी मी लावली नाही, टाकलीही नाही. साताऱ्याला परतलो तेव्हा ती लुगड्यांच्या पेटीत आली आणि अजून तिथेच आहे. पान कधीच चुरलं. एकदा घरात कोणी नसताना मी तिला जीभ लावून पाहिली. थोडी कडवट लागली. झोंबली नाही.

पेटी उघडली की खोलीभर रोशाचा वास येतो. सुना विचारतात, शेजारणी विचारतात, कसलं अत्तर हो हे? मी वडी काढून दाखवते. मोहाच्या बियांचं तेल असतं, थंडीत थिजतं, उन्हात पातळ होतं, मी स्वतः पाहिलंय, असं सगळं सांगते. आणि कोणी विचारलेलं नसतानाही शेवटी म्हणते, "यात चरबी नाही बरं का." इथे कोणाला तशी शंका कधी आलेलीच नसते. त्या "हो का?" म्हणतात, वडी माझ्या हाती परत देतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात.