दुसऱ्याच्या आवाजात

मागच्या महिन्यात मी कुसुमताईंची गोष्ट मुद्दाम सपाट आवाजात वाचली. मुलांसाठी लिहिणाऱ्या आम्हा सहाजणांच्या बैठकीत नियमच आहे, ज्याची गोष्ट त्याने गप्प बसायचं आणि वाचायची दुसऱ्याने. ताईंची मुंगीची गोष्ट माझ्या गोष्टींपेक्षा सरस आहे, हे मला पहिल्याच पानावर कळलं होतं. मी वाचून संपवल्यावर सगळे म्हणाले, "जीव नाही हो यात." ताईंनी तेवढं वहीत लिहून घेतलं.

आज माझी गोष्ट त्यांच्या हातात आली. जन्मभर बालवाडीत शिकवलेल्या त्या बाईंचं बोट वाचताना ओळीखालून सरकत होतं. माझ्या गोष्टीतल्या शेळीला त्यांनी असा नाकातला आवाज दिला की कुणीतरी ओरडलं, "अहो, तिला सुंठ द्या!" सगळे हसले. मी अभिमानाने फुललो.

मग त्या बोटाकडे पाहताना वाटलं, अक्षरओळख नसलेल्या मुलापर्यंत गोष्ट नेहमी दुसऱ्याच्याच आवाजातून पोहोचते. आपण लिहितो ते त्या आवाजावर विसंबून. असा आवाज माझ्या शेजारी बसतो, याचा अभिमान शेळीबद्दलच्या अभिमानाहून मोठा होता, आणि तोच मला टोचत होता, कारण ताईंच्या मुंगीला मी तसा आवाज दिला नव्हता.

"ताई, मुंगी आणलीय?" मी विचारलं.

"ती ठेवली बासनात. जीव नाही ना तिच्यात!" त्या हसून म्हणाल्या.

"होता, ताई. मीच काढून घेतला. जळलो होतो, म्हणून मुद्दाम वाईट वाचली. सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."